होकार दर वेळी विचारावा

महोदय,

प्रौढांच्या वेगळ्या लैंगिक आवडींना (उदाहरणार्थ, परस्परसंमतीने बांधणे किंवा वेदना देणे-घेणे) आजही सरसकट ‘विकृती’ म्हटले जाते, याचे वाईट वाटते. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेने अशी आवड आणि आजार यांत फरक केला. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू असलेली आजारसूचीही परस्परसंमतीने जपलेल्या निव्वळ वेगळ्या आवडीला आजार मानत नाही.

मला मोलाची वाटते ती अशा आवडी जपणाऱ्यांमधली संमतीची रीत. काय चालेल, काय नाही हे आधी बोलायचे, थांबण्यासाठी एक शब्द ठरवायचा आणि तो कानावर पडताच कारण न विचारता थांबायचे. (गळा आवळण्यात मात्र संमती असूनही जीव जाऊ शकतो, हेही सांगायलाच हवे.) नशेतला किंवा भीतीपोटी दिलेला होकार हा होकारच नव्हे. नेहमीच्या नात्यांत तरी इतके स्पष्ट कितीजण विचारतात?

– एक वाचक