आमचं भांड्यांचं दुकान फोनवर आणणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून आज सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते नाशिकच्या जुन्या पेठेतल्या कितीतरी दुकानांना हवं आहे, आणि त्यांना ते कळावं असंही मला वाटतं.

सगळ्यात मोठे आभार पासवर्डचे. दुकान "गूगलवर टाकून देतो" म्हणून एकाने आमच्याकडून पैसे घेतले होते. प्रोफाइल, म्हणजे गूगलवर दुकानाचं नाव, नंबर, वेळा दाखवणारं पान, त्याने स्वतःच्याच ईमेलवर उघडली, नंतर फोन उचलेना. नंबर जुना, वेळा चुकीच्या, आणि दुकानाच्या नावापुढे "नाशिकमधील सर्वोत्तम स्वस्त भांडी" असं शेपूट. तुम्ही बहिणीची पातेली कल्हईला घेऊन आलात तेव्हा नकाशाने तुम्हाला भलत्याच बोळात नेलं होतं. दुसरं कुणी वैतागून गेलं असतं. तुम्ही काउंटरवरच ह्यांना विचारलंत, "दुकानाची किल्ली परक्याच्या खिशात ठेवाल का?" आणि तिथेच उभ्या राहून आमच्या स्वतःच्या ईमेलवरून मालकीची मागणी टाकायला लावलीत. आधीच्या मालकाला उत्तर द्यायला गूगल ३ दिवस देतं, त्यानं काहीच कळवलं नाही तर पुढचा मार्ग मोकळा होऊ शकतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आम्हाला कळलं. मालकी हातात आल्यावर दुकानाची पाटी, आतलं सामान, गल्ली हे सगळं दाखवणारा व्हिडिओ काढून पडताळणीही आमच्याकडूनच करून घेतलीत. "मी करून देते" असं एकदाही म्हणाला नाहीत. उद्या कुणाला मदतीला घ्यायचं झालंच तर त्याला 'मॅनेजर' करायचं, 'मालक' नाही, हे वाक्य सासऱ्यांनी गल्ल्यावरच्या वहीत लिहून ठेवलं आहे.

नावापुढचं शेपूट तुम्ही सगळ्यात आधी कापलंत. पाटीवर जे नाव तेच प्रोफाइलवर, नाहीतर गूगल प्रोफाइल बंदसुद्धा करू शकतं. मग वर्णनाकडे वळलात. ७५० अक्षरांची मर्यादा, आणि आम्हाला तर लिहायचं होतं "सर्व प्रकारची दर्जेदार भांडी". तुम्ही विचारलंत, गिऱ्हाईक दारात येऊन पहिलं वाक्य काय बोलतं? "कल्हई करता का?", "बंब दुरुस्त होईल का?", "रुखवतात ठेवायला काही आहे का?", "जुनं पितळ घेता का?" मग हेच लिहा, म्हणालात. जवळपासची दुकानं दाखवताना गूगल तीन गोष्टी बघतं: विचारलेल्या गोष्टीशी दुकानाचा संबंध किती, अंतर किती आणि दुकान किती माहितीतलं. अंतर आपल्या हातात नाही, पण आपण नेमकं काय करतो ते स्पष्ट लिहिणं आपल्याच हातात आहे. हे इतकं सोपं करून आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तो कल्हईचा व्हिडिओ! ह्यांनी पातेलं भट्टीवर तापवलं, नवसागर भुरभुरला, पांढरा धूर उठला, कथलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा गरकन फिरवला आणि काळपट पितळेवर चांदीसारखी लकाकी पसरत गेली. एवढंच तुम्ही उभ्या फोनवर टिपलंत. मी म्हटलं, मागे एखादं गाणं लावूया. तुम्ही नको म्हणालात, नवसागराचा चुर्रर्र आवाज आणि भात्याची फूसफूस हेच त्याचं गाणं. खाली मराठीत एकच ओळ: नाशिकच्या भांडीबाजारात पितळी भांड्यांना कल्हई. त्यानंतर सिन्नरहून, ओझरहून, निफाडहून लोक माळ्यावरची भांडी पिशवीत घालून येऊ लागले. एक आजी तर परात मांडीवर घेऊन रिक्षातून उतरल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "तो फोनमधला हात तुझाच ना?" आयुष्यभर भट्टीसमोर बसलेल्या माणसाला त्याच्या हाताची ओळख अशी मिळाली, ताई. त्या दिवशी ते घरी आल्यावर कितीतरी वेळ हेच सांगत होते. याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच कळत नाही.

व्हॉट्सअॅप बिझनेसचा कॅटलॉग आता मीच सांभाळते. पातेल्याचं माप इंचांत न लिहिता "आठ माणसांचा भात" असं लिहायचं ही तुमचीच युक्ती. पितळ वजनावर विकतो, म्हणून प्रत्येक फोटोखाली वजन आणि त्या दिवशीचा भाव असतो, त्यामुळे "किंमत काय" विचारून गप्प होणारे कमी झाले. गुढीपाडव्याच्या आधी गडू आणि तांबे वर, लग्नसराईत समया, घंगाळं आणि रुखवताचं सामान वर. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं साठवून ठेवली आहेत, तिरकी रेघ देऊन एक शब्द टाकला की पूर्ण उत्तर जातं. दुपारचा स्वयंपाक आणि गिऱ्हाईक एकाच वेळी असलं तरी आता कुणाचं उत्तर राहत नाही.

रिव्ह्यूंच्या बाबतीत तुम्ही फार कडक होतात, आणि ते बरंच झालं. पैसे घेऊन पाच-पाच स्टार देणारे आमच्याकडेही आले होते. रिव्ह्यू लिहिला तर सवलत देऊ, हेसुद्धा नियमात बसत नाही हे तुम्ही समजावलंत. मग एका बाईंनी एक स्टार देऊन लिहिलं की कल्हई महिन्यात उडाली. ह्यांचा चेहरा उतरला होता. तुम्ही म्हणालात, दुकानात समोर उभ्या असत्या तर काय बोलला असता, तेच लिहा. आम्ही लिहिलं: भांडं घेऊन या, बघून देतो. कथील साधारण २३२ अंशांना वितळतं, म्हणून रिकामं पातेलं मोठ्या आचेवर ठेवू नका, आणि तारेची घासणी वापरू नका. त्या बाई आल्या, भांड्याला पुन्हा कल्हई करून घेतली, आणि ती माहिती वाचून आणखी कितीजणांनी विचारलं. आता ती आमच्या प्रत्येक पावतीवर छापलेली आहे.

तांब्याच्या पाण्याने अमुक रोग बरा होतो असले मजकूर सगळीकडे फिरतात. आमच्या पानावर तुम्ही ते येऊ दिले नाहीत. त्याऐवजी कल्हई नसलेल्या पितळेत ताक, चिंचेचं सार, लोणचं ठेवू नये हे लिहायला लावलंत. विकणाऱ्यानंच हे सांगितल्यावर लोकांचा विश्वास किती बसतो ते आम्ही रोज बघतो.

पावसाळ्याचंही सांगायला हवं. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पुराचं पाणी लागलं की आमच्याकडे माल वर चढवायची धावपळ सुरू होते. २०१६ ला आणि २०१९ ला पाणी सराफ बाजार, भांडीबाजारापर्यंत आलं होतं. आता अशा दिवशी माल हलवतानाच मी फोनवर "आज बंद" करून टाकते, म्हणजे लांबून कुणी भिजत येऊन परत जात नाही. सिंहस्थासाठीही तयारी चालू आहे. २०१५ च्या कुंभात लोक विचारत विचारत यायचे, २०२७ ला फोन बघत येतील. तुम्ही सांगितल्याप्रमाणे रविवार कारंजापासून दुकानापर्यंत चालत येण्याची वाट फोटोंसह टाकली आहे, कारण चारचाकी आमच्या गल्लीत येत नाही. हिंदीतही लिहिलं आहे, तेवढं एकदा डोळ्याखालून घाला.

आता एक विनंती. समोरचे समईवाले काका आणि कोपऱ्यावरच्या मूर्तीवाल्या वहिनी यांची प्रोफाइल मी उघडून दिली, दोघांचे पासवर्ड त्यांच्याच वहीत आहेत. पण वहिनींच्या दुकानाची पडताळणी अडली आहे, व्हिडिओ दोनदा परत आला. पाटी झाडामागे जाते म्हणून असेल का? बाजार मंगळवारी दुपारी जरा मोकळा असतो. जमलं तर त्या वेळी या, आणि बहिणीचा तो मोठा हंडाही आणा, त्याचा कान सुटला होता, ह्यांनी डाग देऊन जोडून ठेवतो म्हटलं आहे.

तुमची,
भांडीबाजारातली वहिनी