शिंकांचा आळ बोगनवेलीवर

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शिगमा जवळ आला की आमच्या कॉलनीत बोगनवेल फुलते आणि लोक शिंकायला लागतात. दोन्ही एकाच सुमारास, म्हणून आळ बोगनवेलीवर. गेल्या रविवारच्या बैठकीत कुंपणावरची बोगनवेल आणि गेटजवळच्या चार पिटकोळ्या (एक्झोराची झुडपं) मुळासकट काढायचं ठरलं. मी विरोध केला, तर एक शेजारी म्हणाले, "सगळ्यांत जास्त शिंकता तुम्ही, आणि पुळकाही तुम्हालाच?"

त्यांचं म्हणणं खोटं नाही. मी 27 वर्षं कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसमध्ये कंडक्टर होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर्ड्याच्या रस्त्यावर एका हातात तिकिटं, दुसऱ्यात रुमाल. तेव्हा खाणींच्या ट्रकांची लाल धूळ उडायची, तिला नावं ठेवून मोकळा व्हायचो. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, धूळ बसली, माझ्या शिंका काही बसल्या नाहीत.

निवृत्तीनंतर मुलीने धरून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हातावर पेनाने खुणा केल्या, थेंब ठेवले, वर सुईने टोचलं. पंधरा-वीस मिनिटांत दोन ठिकाणी डास चावल्यासारख्या गांधी उठल्या. एक घरातल्या धुळीतल्या बारीक किड्यांची, दुसरी गवताच्या परागांची. मी जास्वंद, बोगनवेलीचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, रंगीत फुलं मधमाश्या-फुलपाखरांवर अवलंबून असतात, त्यांचे पराग जड आणि चिकट, वाऱ्यावर फारसे जात नाहीत. गवताचे पराग हलके, ते वाऱ्यावरच प्रवास करतात. (फुकट प्रवासी!) गवताला रंग नाही, वास नाही, म्हणून त्याच्यावर कोणाचा संशयही जात नाही.

घरी येऊन बोगनवेलीचा एक झुपका हातात घेतला. आपण ज्याला फूल म्हणतो ती खरं तर तीन रंगीत, कागदासारखी पानं. त्यांच्या पोटात काडीएवढ्या नळीच्या टोकावर पांढरं, शर्टाच्या बटणापेक्षाही लहान फूल. इतकी वर्षं कुंपणाशी राहून मी ते पाहिलंच नव्हतं. नाकाजवळ धरून झटकलं. शिंक आली नाही.

आली ती पाण्याच्या टाकीमागे गेल्यावर. तिथे कमरेएवढं गाजर गवत माजलंय, वर बारीक पांढरी फुलं. हे नावापुरतं गवत, खरं तर बाहेरचं तण, 1955 साली पुण्यात त्याची नोंद झाली आणि आता देशभर पसरलंय. पराग नाकाला त्रास देतात, पाला लागला तर कातडीला. बागकामाला येणारा मुलगा ते उघड्या हातांनी उपटत होता. त्याच्या कोपरापर्यंत चट्टे उठले, आणि आम्ही त्याला ऊन लागलं म्हणून ताक पाजलं.

दुसरं दुखणं पातेऱ्याचं. आंबा, फणस, काजूची पानं झाडून सकाळी साडेसहाला गेटबाहेर पेटवायची, ही आमच्याकडची स्वच्छता. दवाने भिजलेला पातेरा जळत नाही, नुसता धुमसतो. त्या वेळच्या गार हवेत धूर वर चढत नाही, जमिनीलगत सरपटत तळमजल्याच्या खिडक्यांतून आत शिरतो. शाळेची बस तिथेच थांबते. मुलं खोकतात, आया वर बोगनवेलीकडे बघतात. उघड्यावर कचरा जाळल्यास 5,000 रुपये दंड, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये दिला होता. आमच्याकडे तो कोणाला झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. पण नुसता दंड करून तरी काय होणार? कचऱ्याची गाडी ओला-सुका डबा नेते, पातेऱ्याला हात लावत नाही. माणसांनी तो ठेवायचा कुठे?

माझी आई पातेरा कधी जाळत नसे. पाटी भरून कुळागरात न्यायची, माडा-पोफळींच्या आळ्यात पसरायची. खाली ओल टिकायची, पावसाळ्यात त्याचंच खत. आमच्या कॉलनीतही सहा माड आहेत, सहाही आळी उघडी.

तेव्हा आपल्या वृत्तपत्रातून दोन विनंत्या. स्थानिक प्रशासनाने फेब्रुवारी ते मे आठवड्यातून एक फेरी फक्त पातेऱ्यासाठी ठेवावी. आणि झाडणाऱ्यांनी आधी पाणी शिंपडावं, नाकाला फडकं बांधावं. कोरड्या अंगणातली धूळ आणि पानांखालची बुरशी हीसुद्धा नाकात जाते.

कॉलनीतल्यांना वेगळं सांगतो, कारण ते हे सदर वाचतात. बोगनवेल आत्ता भर बहरात तोडू नका. बहर ओसरू दे, मग पावसाआधी हवी तेवढी छाटू, कोयता मी आणतो. येत्या रविवारी आठ वाजता टाकीमागे या, हातमोजे घालून. मी शिंकत असेन, पण येईन.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर,
फोंडा, गोवा