बंद पडलेला टॉवर जिल्ह्याच्या हिशेबात दिसत नाही

प्रति,
मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
संचार भवन, नवी दिल्ली.

महोदय,

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला आणि हेम्माडग्याच्या जंगलपट्ट्यात, पावसाळ्यात मोबाइलचे टॉवर बंद पडतात. टॉवरची देखभाल, केबलची जोडणी आणि पंचायतीतले संगणक ही कामे करणारे आम्ही लोक हे पत्र लिहितो आहोत. टॉवर का बंद पडतात हे आम्हाला ठाऊक आहे आणि त्यावरचे उपायही ठाऊक आहेत. अडते ते एवढ्यावरच की बंद पडलेल्या टॉवरची कुणाला दखल घ्यावी लागत नाही.

ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, सेवा-दर्जाचे नियम 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाले. जिल्ह्यातली सेवा चार तासांहून अधिक बंद राहिली, तर कंपनीने ट्रायला कळवायचे. 24 तासांच्या वर गेली, तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला मुदतवाढ द्यायची. नियम चांगला आहे, पण माप जिल्ह्याचे आहे. आमचा जिल्हा ईशान्येला अथणीपासून नैऋत्येला चोर्ला घाटापर्यंत पसरलेला. अथणीत शेतकरी पावसाची वाट बघत असतो तेव्हा कणकुंबीत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. घाटमाथ्यावरच्या दहा गावांचे टॉवर तीन दिवस बंद राहिले तरी कागदावर बेळगाव जिल्हा चालूच असतो. मग कळवणे नाही, सूट नाही, आणि दुरुस्तीची घाईही नाही.

टॉवर बंद पडण्याचे पहिले कारण करंट. टॉवरच्या पायथ्याशी 48 व्होल्टची बॅटरी असते. ती 600 अँपिअर-तासांची धरली तर 28.8 युनिट वीज साठते. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून 80 टक्क्यांपर्यंतच वीज काढावी, म्हणजे हाती राहिली 23 युनिट. दोन किलोवॉटचा भार असेल तर हिशेबाने अकरा तास निघायला हवेत. प्रत्यक्षात त्याच्या निम्मेही निघत नाहीत, कारण जंगलातून येणाऱ्या लाइनवर झाड पडते, करंट दोन तास येतो आणि पुन्हा जातो. बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि एक-दोन पावसाळ्यांत तिची ताकद जाते. व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेले की यंत्रणा आपोआप तुटते आणि गावाची रेंज जाते. डिझेल जनरेटर असतो तिथे कमी भारावरही तासाला दोनेक लिटर तेल लागते. रस्ता वाहून गेला की ते तेल पोचवणार कोण? सौर पॅनलचा आषाढात उपयोग नाही, हे दिल्लीत बसून निविदा काढणाऱ्यांनी एकदा इथे येऊन पाहावे. या पट्ट्याला लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीच हवी. ती अर्धवट भरण्याने खराब होत नाही आणि लवकर भरते. चोरीची भीती असते म्हणून ती बंद पेटीत बसवावी लागते.

दुसरे कारण जोडणी. एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर मायक्रोवेव्ह लिंक, म्हणजे टॉवरांमधली बिनतारी जोडणी, जाते आणि अशा तीन-चार उड्यांची माळ असते. पहिला टॉवर गेला की मागचे सगळे गेले. पाऊसही ही लिंक खातो. तासाला 100 मिलिमीटरच्या सरीत 15 गिगाहर्ट्झची लिंक दर किलोमीटरला सिग्नलची सहा ते आठ डेसिबल ताकद गमावते. 7 गिगाहर्ट्झच्या लिंकचे नुकसान त्याच पावसात दर किलोमीटरला दोन डेसिबलच्या आत राहते. पश्चिम घाटातल्या लांब उडीला वरची वारंवारता देणे ही आराखड्यातलीच चूक आहे. अशा वेळी फोनवर दांड्या पूर्ण दिसतात, पण 108 लागत नाही. आमगावसारख्या जंगलातल्या गावात आजारी माणसाला खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावे लागते. तिथे तो एक फोन लागणे किती गरजेचे आहे ते वेगळे सांगायला नको.

पंचायतींना केबलने इंटरनेट देणाऱ्या भारतनेट या केंद्राच्या योजनेची तऱ्हा याहून थोडी वेगळी. जुन्या टप्प्यात तालुक्याच्या ठिकाणाहून एकेरी ऑप्टिकल फायबर केबल आली. पंचायतीतल्या यंत्रावर एलओएसचा लाल दिवा लुकलुकला की समजायचे, प्रकाश पोचतच नाही. बहुतेक वेळा पाण्याच्या पाइपसाठी किंवा रस्ता रुंद करताना जेसीबीने केबल तोडलेली असते. खोदण्याआधी कळवायचा नियम आहे, त्यासाठी मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲपही आले. पण गावातल्या छोट्या ठेकेदाराला त्याचा पत्ता नाही, आणि ॲप वापरल्याचा पुरावा नसला तरी त्याचे बिल निघते. पावसात खड्ड्यात पाणी भरलेले असताना केलेला जोड नीट बंद होत नाही. जोडाच्या डब्यात पाणी शिरते आणि केबल महिन्याभरात पुन्हा ‘तुटते’. तोवर उताऱ्यासाठी आलेला म्हातारा शेतकरी पंचायतीच्या पायरीवर बसून राहतो.

केंद्राने ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर केलेल्या सुधारित भारतनेटमध्ये, 1,39,579 कोटींच्या त्या योजनेत, केबल वर्तुळात फिरवायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने चालेल. आमची विनंती एवढीच की वर्तुळाच्या दोन्ही बाजू एकाच रस्त्याच्या कडेने नेऊ नका. एकच जेसीबी दोन्ही तोडेल.

सीमेवरच्या गावांत आणखी एक अडचण आहे. चंदगडकडचा टॉवर जवळ असला की फोन तो पकडतो. तो महाराष्ट्र-गोवा या वेगळ्या दूरसंचार परिमंडळाचा, म्हणून फोन रोमिंगमध्ये जातो आणि ‘डेटा रोमिंग’ बंद असेल तर इंटरनेट थांबते. सीम देतानाच ही सेटिंग चालू करून द्यायची सक्ती कंपन्यांवर करता येईल.

आपत्तीचे इशारे मोबाइलवर येतात. त्या यंत्रणेत अनेक भारतीय भाषांची सोय आहे. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांवर असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे तत्त्व केंद्रानेच मान्य केलेले आहे. खानापूर, बेळगाव आणि निपाणीच्या टॉवरवरून कन्नडबरोबर मराठीतही इशारा यावा. पूर आलेला असताना मजकूर कळला पाहिजे.

आता मूळ मागणी. ट्राय स्वतंत्र आहे, हे आम्ही जाणतो. पण डिजिटल भारत निधीतून, म्हणजे ग्रामीण दूरसंचारासाठीच्या केंद्राच्या निधीतून, उभारलेल्या टॉवरचे पैसे तुमचे खाते देते. त्या करारात देखभालीचे पैसे प्रत्येक टॉवर किती तास चालू राहिला त्याला बांधा, जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या सरासरीला नको. कोणता टॉवर किती तास बंद होता, कशाने बंद होता, याची दरमहा यादी गावाच्या नावासह संकेतस्थळावर टाका. ती माहिती कंपनीच्या नियंत्रण कक्षात मिनिटामिनिटाची असते, नव्याने गोळा करावी लागत नाही. जानेवारी 2025 पासून या निधीतल्या 4जी टॉवरवर दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकालाही सेवा मिळू शकते. करंट गेलेल्या काळात तीच सोय सर्व टॉवरवर सुरू करायला सांगा. इतर टॉवरसाठी जिल्ह्याऐवजी तालुका हे माप धरण्याचा धोरणात्मक निर्देश कायद्यानुसार ट्रायला देता येतो, तो द्यावा.

बॅटरी बदलणे आणि केबल पुरणे ही कामे जांबोटीच्या पलीकडे नोव्हेंबर ते मे एवढ्याच काळात होतात. भीमगड अभयारण्यातल्या गावांसाठी वन खात्याची परवानगी लागते आणि तिला महिने जातात. म्हणून ते अर्ज दिवाळीच्या आधीच दाखल व्हायला हवेत.

आपले,
खानापूर व बेळगाव तालुक्यांत दूरसंचाराचे काम करणारे नागरिक