पुढचा की मागचा?

महोदय,

पावसाळा लागला की ऐरोलीत आमच्या सोसायटीतल्या गाड्यांमध्ये उंदीर मुक्कामाला येतात. जुलैत माझ्या पेट्रोल गाडीत चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला तेव्हा हे मला आठवायला हवे होते. आठवले नाही. मुकाट्याने गाडी वर्कशॉपमध्ये नेली. पोराने स्कॅनर लावला आणि म्हणाला, "काका, ओ-टू सेन्सर गेलाय." म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर. तो बदलला, ६,४०० रुपयांचे बिल झाले. चौथ्या दिवशी रबाळ्याच्या सिग्नलला तोच दिवा पुन्हा हजर. दुसऱ्या खेपेला "आता कॅट-कॉन बघावा लागेल" असे ऐकवले (कॅट-कॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले घातक वायू कमी करणारा डबा) आणि पुढे जो आकडा सांगितला, तो ऐकून मी किल्ली परत मागितली.

निघण्याआधी स्कॅनरचा पडदा मात्र दाखवायला लावला. कोड होता पी ०१४१. म्हणजे बँक एक (सिलिंडरची पहिली रांग), सेन्सर दोन (मागचा), त्याच्या आतल्या हीटरचे सर्किट. मी विचारले, "तुम्ही बदललात तो पुढचा की मागचा?" पोराने फोरमनकडे पाहिले, फोरमनने छताकडे.

साध्या चार सिलिंडरच्या गाडीत बहुधा दोनच सेन्सर असतात. पहिला इंजिनाजवळ, मॅनिफोल्डवर (सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळीवर) किंवा त्याच्या तोंडाशी, कॅट-कॉनच्या आधी. बॉनेट उघडले की बहुतेकदा दिसतो, म्हणून तोच बदलला जातो. दुसरा, म्हणजे मागचा, कॅट-कॉनच्या नंतर, गाडीच्या पोटाखाली. त्यासाठी गाडी लिफ्टवर घ्यावी लागते. माझ्या गाडीची तक्रार दुसऱ्याची होती, बदलला गेला पहिला.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी ३१ वर्षे इन्स्ट्रुमेंट खात्यात काढली. बॉयलरच्या चिमणीत ऑक्सिजन मोजायला आमच्याकडे झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकचा प्रोब असे. गाडीतला हा सेन्सर त्याचाच धाकटा भाऊ. रीडिंग अचानक वाढले की आमच्याकडे आधी डक्टला कुठे भोक पडलेय का ते शोधायचे, प्रोबला हात शेवटी. गाडीतही तेच. पहिल्या सेन्सरच्या आधी धुराच्या नळीचा जॉइंट फुटला की बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो आणि खापर सेन्सरवर फुटते.

रविवारी ओळखीच्या टायरवाल्याच्या लिफ्टवर, सायलेन्सर पूर्ण गार झाल्यावर, मागच्या सेन्सरचा कनेक्टर सोडवला. माझ्या गाडीत चार तारा आहेत: दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, राखाडी अर्थची. झिर्कोनिया साधारण ३०० अंश तापल्याशिवाय बोलत नाही, त्याला लवकर तापवायला आत हीटर असतो. पांढऱ्या तारांवर मल्टिमीटर लावला, साडेसहा ओहम. हीटर ठणठणीत. मग इग्निशन चालू करून समोरच्या हार्नेसच्या, म्हणजे गाडीच्या वायरिंगच्या, बाजूला मोजले. तिथे १२ व्होल्ट यायला हवे होते. शून्य! फ्यूज पाहिला, शाबूत. तार धरून मागे मागे गेलो तर इंजिनाच्या मागच्या पत्र्यापाशी ती कुरतडलेली. शेजारी लेंड्या आणि मक्याच्या कणसाचा बुंधा.

तार सोल्डर केली, वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवली. सामान चाळीसएक रुपयांचे. (हे हार्नेसच्या तारेला चालते. सेन्सरच्या स्वतःच्या तारांना सोल्डर करू नये. पुष्कळ सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या तारांच्या आतूनच घेतात.) कोड क्लिअर केला, दिवा आजतागायत लागलेला नाही.

गंमत म्हणजे दिवा जळत असतानाच मी पीयूसी काढून आलो होतो. धुराच्या नळीत प्रोब घातला, पास. त्या तपासणीत गाडीचा कोड कोणी वाचतच नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाले आहेत, गाडी स्वतःचा आजार स्वतः सांगते, आणि आपण तो ऐकायला वर्कशॉपच्या भरवशावर बसतो.

सगळे मेकॅनिक लबाड असतात असे मला म्हणायचे नाही. त्या पोराला कोणी शिकवलेच नव्हते. पण जॉबकार्डवर पूर्ण कोड, सेन्सर पुढचा की मागचा, आणि काढण्याआधी मीटरवर काय आले, एवढ्या तीन गोष्टी लिहायला दोन मिनिटेही लागत नाहीत. परिवहन खात्याने त्या सक्तीच्या कराव्यात आणि काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला लावावा.

माझा मी भांडून घेतला. घरी गॅलरीत त्याचे टोक ब्लो टॉर्चच्या ज्योतीत धरले, मीटर ०.८ व्होल्टच्या वर चढला, ज्योत काढली की झरकन खाली. बायको म्हणाली, "एवढ्या पैशांत मिक्सर आला असता." तो धडधाकट सेन्सर अजून कपाटात पडून आहे.

— एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, ऐरोली, नवी मुंबई