जुन्या बाजारातल्या पोंचोवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

पुण्याच्या जुन्या बाजारात तुम्ही जमिनीवर मांडलेल्या पथारीवरून घेतलेले तीन फौजी पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचे, मधोमध टोपी असलेले चौकोनी रेनकोट, सह्याद्रीच्या पावसात रात्रभर टिकले. त्यांच्या तंबूत झोपलेले दोघं सकाळी कोरडे उठले. म्हणून हे पत्र.

तुम्ही आधी प्रत्येक पोंचो उन्हात धरलात. एकात शिवणीजवळ सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले, तो न विचारताच बाजूला टाकलात. चांगल्यापैकी एकाची टोपी वर काढली, गळा पिळला, दुमडला आणि ती दुमड सुतळीने करकचून बांधलीत. सुतळी तुमच्याच गाठोड्याची होती. मग पिण्याच्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतून म्हणालात, "खालून हात लावा." हात कोरडा! गाठोडं तेवढं उघडं पडलं होतं.

पोंचोचं सगळ्यात मोठं भोक म्हणजे हा गळा, तोही बरोबर मधोमध, कापडाला झोळ पडतो तिथे. टोपीची नाडी कितीही आवळली तरी बोटभर फट राहतेच. हे विकणारा सांगत नाही. त्याआधी एका दुकानात 'ओरिजिनल आर्मी' म्हणून घडीला घडी चिकटलेला माल गळ्यात मारला होता आणि वर सल्ला, पावडर लावा, सुटेल. दमट जागी वर्षानुवर्षं पडून आतला पाणी अडवणारा लेपच चिकट झाला, की पापुद्रे निघतात. त्याला पावडर काय करणार? गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही हे माहीत असूनही खरं सांगणारी माणसं अजून आहेत, याचंच फार बरं वाटलं.

तुमच्या पोंचोंचं असं केलं. अमेरिकन फौजी मापाचे, साधारण साडेपाच फूट बाय साडेसात. दोन पोंचोंच्या लांब कडा टिचबटणांनी जोडून छत, त्या जोडाखालून जाणारी कण्याची दोरी कमरेच्या उंचीवर. जोडावरच गळतं, म्हणून वाऱ्याकडच्या पोंचोची कड दुसऱ्याच्या वर घेतली. कातळावर खुंट्या शिरत नाहीत, दोऱ्या दगडांना बांधल्या. कडेच्या पितळी रिंगांवर सगळा ताण दिला तर कापड फाटतं, त्यामुळे कोपऱ्यात सुपारीएवढा खडा गुंडाळून त्यामागे गाठ मारली. नायलॉन भिजलं की सैल पडतं, पाऊस लागल्यावर दोऱ्या एकदा पुन्हा ताणाव्याच लागल्या.

तिसरा खाली अंथरला, त्याचाही गळा तुमच्यासारखाच बांधून, गाठ वर. अंथरलेल्याची कड छताबाहेर बोटभरही जाऊ दिली नाही, नाहीतर छतावरचं पाणी थेट पाठीखाली येतं.

तुमची सुतळी अजून त्या गळ्याला आहे. येत्या रविवारी आणखी दोघं येतील, त्यांनाही पोंचो उन्हात धरून दाखवा. सुतळीचं नवं बंडल त्यांच्याबरोबर पाठवतोय, गाठोड्यासाठी.

तुमचे ऋणी,
तीन पोंचो नेणारे