पितळेचं काम असलं की

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, मुलगी मोठी झाली की आजोबांबद्दल विचारेल आणि मला तर 'लेथवर होते' याच्यापुढे काही सांगता येत नाही. मला तेव्हा पटकन सुचेना, आणि तुझी मीटिंगही होती. म्हणून लिहायला बसले. बाबांच्या वर्कशॉपच्या गाळ्यातली चलनं आणि बिलं मीच करायची, त्यामुळे त्यांच्या कामातलं मला निम्मंशिम्मं तरी कळतं.

तुझे बाबा टर्नर होते, म्हणजे लेथ मशीनवर फिरतं लोखंड कापून मापात आणणारे कारागीर. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा ते अंबरनाथच्या आयटीआयमध्ये दुसऱ्या वर्षाला होते. तुझे आजोबा लालबागच्या गिरणीत. ती गिरणी त्यांना पुन्हा लाभली नाही. घर चाललं ते सासूबाईंच्या डब्यांवर आणि बाबांच्या अप्रेंटिसच्या स्टायपेंडवर. पुढे ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ते कायम झाले, किसननगरात खोली घेतली, मग मी आले, मग तू.

आता काम काय करायचे ते. समजा एखाद्या पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, 25 मिलिमीटरच्या भोकाचा बुश, म्हणजे ज्यात दांडा फिरतो ती जाड नळी, हवाय आणि ड्रॉइंगवर एच-सेव्हन लिहिलंय. म्हणजे भोक 25 च्या खाली अजिबात जायचं नाही आणि वर गेलं तर फार फार तर 21 मायक्रॉन; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस त्याहून दुप्पट-तिप्पट जाड असतो. एवढ्याशा जागेत हाताने चाक फिरवून थांबायचं. शेवटचा कट राहिला की ते मशीन बंद करून चहा सांगायचे. पार्टीचा माणूस टेम्पो घेऊन दारात उभा, मी चलन लिहून तयार, आणि हे म्हणणार, 'गार होऊ दे.' तापलेलं लोखंड फुगतं. 50 मिलिमीटर जाडीचा शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडा, 20 अंशांनी जास्त तापलेला असेल तर मायक्रोमीटरवर, म्हणजे माप घ्यायच्या हत्यारावर, अकरा-बारा मायक्रॉन जादा दिसतात. त्या भरवशावर कट मारला तर गार झाल्यावर माप खाली जातं, आणि एकदा निघालेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. मला सुरुवातीला हा नुसता वेळकाढूपणा वाटायचा. पण त्यांचं रिजेक्शन जवळजवळ येतच नसे, आणि ते मोजायचं काम माझ्याकडेच होतं.

तुला आठवणं शक्य नाही असं एक सांगते. तू रांगायला लागलास तेव्हा घरभर तोंडात घालायला काहीतरी शोधत फिरायचास. लेथवरून उडालेला लोखंडाचा कीस कपड्यांत, केसांत, चपलेच्या तळात अडकून घरी येतो, बारीक आणि धारदार. बाबांनी जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून ठेवलं होतं. कंपनीतून निघताना ते अंगावरून, पँटच्या दुमडीतून, केसांतून फिरवायचे. चपला जिन्याखाली. शेजारणी हसायच्या. पण पितळेचं काम असलं की हा उपाय चालायचा नाही, पितळ चुंबकाला चिकटत नाही. त्या दिवशी तू उंबऱ्यापर्यंत रांगत जाऊन हात वर केलेस तरी ते तुला उचलायचे नाहीत. सरळ मोरीत. डोक्यावरून अंघोळ झाली, कपडे वेगळ्या बादलीत पडले, की मग घ्यायचे. तोवर तू रडून चाळ डोक्यावर घेतलेली असायचीस. 'बापाला पोराची माया नाही' असं एक आजी माझ्या तोंडावर म्हणाली होती. मी काही बोलले नाही, आता वाटतं तिला ते चुंबक दाखवायला हवं होतं.

लग्नातली अंगठीही अशीच. काम पकडून फिरणाऱ्या चकजवळ अंगठी म्हणजे बोट गेलंच समज. ती त्यांनी सत्यनारायणाच्या दिवशी काढली ती कायमची. मामा दर दिवाळीला टोमणा मारायचा.

तू पाच-सहा वर्षांचा होतास तेव्हा कंपनी बंद पडली. हिशेबाचे पैसे मिळाले त्यातून भाड्याचा गाळा आणि एक जुना किर्लोस्करांचा टर्नमास्टर आला. मला वाटलं होतं आता माणूस रात्रंदिवस तिथंच राहणार. तसं झालं नाही. रविवारी ते तुला घेऊनच गाळ्यावर जायचे. त्या मशीनचा लीडस्क्रू, म्हणजे आटे पाडताना हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू, इंचातला आणि पार्ट्यांना आटे हवेत मिलिमीटरचे. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, पण गिअरला दशांशात दाते पाडता येत नाहीत, म्हणून पाचाने गुणून 127 दात्यांचा गिअर लावायचा. 127 ला दुसऱ्या कशानेच भाग जात नाही, म्हणून त्याच्याऐवजी छोटा गिअर लावला तर माप नेमकं येत नाही. मूळ संख्या तू शाळेत नाही शिकलास, खडूने त्या गाळ्याच्या भिंतीवर शिकलास. नंतर मामलेदारची मिसळ, मग तलावपाळी.

धंद्यात मात्र ते कच्चे होते, हेही तुझ्या मुलीला सांग. भाव मागायची लाज वाटायची. उधारी वसूल करायला मी जायचे, आणि मी गेले की पैसे यायचे.

26 जुलै 2005 ला गाळ्यात पाणी चढत होतं. मोटर काढून वर ठेवायला अर्धा तास पुरला असता. हे शटर ओढून निघाले, कारण तू नौपाड्यात क्लासला होतास. तुम्ही दोघं रात्री भिजून घरी आलात. मोटर रिवाइंड करून घ्यावी लागली, मशीनच्या बेडवरचा गंज रॉकेल आणि पॉलिश पेपरने घासण्यात त्यांचे कितीतरी दिवस गेले. त्याबद्दल तुझ्यापाशी ते एक शब्द बोलले नसतील.

लोक म्हणतात सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, आलं आणि असले कारागीर संपले. आमचं तसं नाही झालं. पार्ट्याच चाकणला, वसईला गेल्या आणि गाळ्याच्या मालकाने जागा विकली. तिथे आता काचेची इमारत आहे. त्यानंतर ते एका कारखान्यात पोरांना शिकवायला जायचे, अगदी अटॅक आला त्या आठवड्यापर्यंत.

टर्नमास्टर त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एका मुलाने घेतलाय, वसईला आहे, चालू आहे. बघायला जायचं असेल तर मी त्याला फोन करून ठेवते. रविवार सोडून जा, रविवारी तो शटर उघडत नाही. आणि मायक्रोमीटर मी त्याला दिलेला नाही, कपाटात आहे. दिवाळीला आलास की घेऊन जा, पण लाकडी पेटीसकट ने आणि तेलाचं फडकं काढू नकोस.

सूनबाईला मेथीचे लाडू पाठवलेत, पोचले की कळव.

तुझी,
आई