स्वेटर चालतो, शेजार का चालत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की बेळगावात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. त्यातलं उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतलं एक कुटुंब आमच्या गल्लीत हंगामापुरती खोली शोधत होतं. भाडं आगाऊ द्यायची तयारी होती. बाईंनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं नोंदणीचं पुस्तक काढून पुढे धरलं, पण घरमालकानं ते उघडलंसुद्धा नाही. ‘चिनी माणसं, उगाच पोलिसांचं झेंगट नको,’ म्हणाला.

चीनच्या जाचाला कंटाळून १९५९ पासून जे देश सोडून आले, त्यांनाच चिनी म्हणायचं म्हणजे कमाल झाली! तेव्हाच्या म्हैसूर राज्यानं (म्हणजे आजच्या कर्नाटकानं) जमीन दिली आणि १९६६ च्या सुमारास मुंडगोडची वसाहत उभी राहिली. आज स्वेटर विकणारी पोरं याच राज्यात जन्मली, वाढली. त्यांचं कन्नड माझ्यापेक्षा सफाईदार आहे (सीमाभागातल्या मराठी माणसाला हे सांगणं जरा जडच जातं). माल लुधियानाचा, बराचसा उधारीवरचा. थंडी पडली नाही की वर्षाचं गणित कोलमडतं.

निर्वासितांचं आपल्याकडे कधी वावडं नव्हतं. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सात त्या आठवणीच्या स्मारकाला वंदन केलं, तेव्हा आपण फोटो अभिमानानं पुढे पाठवले. पोलिश गेले आणि त्याच छावणीत फाळणीनं उखडलेले सिंधी आले. तेच आजचं गांधीनगर. निपाणी-संकेश्वरकडची किती लग्नं तिथल्या बस्त्याशिवाय होतात? गल्ल्यावरचा सिंधी शेठ ‘या पावनं, बसा की’ म्हणतो, तेव्हा त्याच्या आजोबांचं गाव कुठलं हे कोण विचारतं? त्यांना आधी छप्पर मिळालं, मग दुकान. बाकीचं देण्याघेण्यातून होत गेलं.

तिबेटी कुटुंबांनाही शाल-श्रीफळ नको आहे. घरमालकांनी कागद बघावेत, पोलिसांत रीतसर कळवावं आणि खोली द्यावी. गल्लीतल्या मंडळांनी त्या कामी मध्यस्थी केली तर घरमालकांची धास्ती निम्मी होईल. पालिकेनं हंगामाआधीच दुकानांसाठी जागा ठरवून तिथे नळ आणि स्वच्छतागृहाची सोय करावी. दिवसभर दुकानावर बसणाऱ्या बायकांना आज त्यासाठी जवळच्या हॉटेलवाल्याची मनधरणी करावी लागते.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव